सहा पिंपांचं विरजण

४ नोव्हेंबर, सोमवार

ही वही खरं तर धाकट्या बहिणीची. पिंपांचं तापमान लिहायला पाठवलीय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सहा पिंपं, सहा रकाने. "दादा, विसरू नकोस हं," असं फोनवर तीनदा बजावलं आणि वर वहीही कुरिअरने धाडली, जशा काही आमच्याकडे वह्या मिळतच नाहीत. पुढून तिचे आकडे लिहितोय. मागून, वही उलटी धरून, हे माझं. सत्तेचाळिसाव्या वर्षी डायरी लिहायला बसलेला माणूस एक तर प्रेमात पडलेला असतो नाही तर काळजीत. मी प्रेमात नाही.

छकू (घरात ती अजून छकूच, विद्यापीठात लोक मॅडम म्हणतात) जुन्या दारूभट्ट्यांमधल्या यीस्टवर काम करतेय. उसाचा रस पिंपात भरून ठेवला की बाहेरून काही न घालता आपसूक फसफसतो. तो कुणामुळे, ते जीव किती जातींचे, आणि या भट्टीतले त्या भट्टीतल्यांहून किती वेगळे, हे तिला बघायचंय. अशा अकरा भट्ट्या तिने निवडल्यात. बाकीचे दहा भट्टीवाले आधी तिला दारातही उभं करेनात. मग आबा एकेकाच्या घरी स्वतः गेले. "माझी मुलगी आहे. आमच्या पिंपांत पणजोबांपासूनचं विरजण आहे, बाहेरचा कण नाही. आधी आमचंच तपासेल, मग तुमचं." दहाही जण तयार झाले. आबा भट्टीवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत म्हणून नव्हे. आबा खोटं बोलत नाहीत म्हणून.

२१ तारखेला ती येणार. बरोबर तिच्या प्राध्यापक बाई.

७ नोव्हेंबर

आज पाहुण्यांच्या डोळ्यांनी आमची शेड बघितली आणि बघवेना. भिंतींवर काळपट बुरशी. पिंपांच्या कडांना वाळलेल्या फेसाची पुटं. तुळईला गांधीलमाश्यांचं पोळं, त्याला हात लावायचा नाही असा आबांचा नियम. आणि ते वल्हं! सडवा, म्हणजे आंबवलेला रस, ढवळायचं आमचं लाकडी वल्हं, माझ्या वयापेक्षा जुनं. ते कधीही धुवायचं नाही. एका पिंपात ढवळलं की तसंच खिळ्याला टांगायचं, वाळू द्यायचं आणि नवा रस आला की त्यात बुडवायचं. त्यावर बोटभर जाडीचा थर आहे. बाई विचारतील, हे काय? मी काय सांगू?

शाळेत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. "सडवा आला, सडवा आला," म्हणायचे. छकूलाही म्हणायचे, पण ती उलट हाणायची. मी घरी येऊन साबणाने कोपरापर्यंत हात घासत बसायचो. ती शिकून बाहेर पडली. मी इथेच राहिलो आणि मला अजूनही कुणाच्या शेजारी बसताना आधी बाही हुंगायची सवय आहे.

१२ नोव्हेंबर

आबा परवापासून इस्पितळात आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन. चार दिवस. असा मोका परत येणार नाही म्हणून मी कामाला लागलो.

कॉस्टिक सोडा आणि उकळतं पाणी. सहाच्या सहा लाकडी पिंपं आतून-बाहेरून घासली. भिंतींना चुना दिला, दोन हात. पोळं धुराने मोकळं करून खाली पाडलं. वल्हं तासभर सोड्यात ठेवून तारेच्या घासणीने घासलं. आतून पांढरं लाकूड निघालं, अगदी नव्यासारखं. उन्हात वाळत घातलंय. हातांची सालटं निघालीत, पण निघू देत.

माझा कामाचा कोटही असाच. वीस वर्षांत पाणी न लागलेला, बाह्या फेसाने कडक झालेल्या. आमची ही म्हणाली, "तो जाळून टाका एकदाचा." जाळायला जीव धजेना. पोत्यात कोंबून माळ्यावर चिपाडांच्या मागे लपवला. नवा निळा कोट आणलाय.

संध्याकाळी शेडच्या दारात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे कुणालाही दाखवावं.

१५ नोव्हेंबर

रस भरून दोन दिवस झाले. फेस नाही. एरवी दुसऱ्या सकाळी शेडमध्ये शिरलं की फसफस ऐकू येते. आज नुसता शुकशुकाट. तिसऱ्या पिंपाला कान लावून उभा होतो, तेवढ्यात हिने बघितलं. "काय म्हणतंय?" म्हणाली. काही म्हणत नाही, हेच तर.

आबा घरी आले. काळा चष्मा, आठवडाभर वाफेजवळ जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. देवच पावला म्हणायचा.

१६ नोव्हेंबर

सहाही पिंपं नासली. आंबट उग्र वास. ओतून दिली.

मी आज बेकरीवाल्याकडे गेलो. पावाच्या यीस्टचे पुडे मागितले. "पावाचा धंदा काढताय की काय?" म्हणून तो हसला. मीही हसलो. नवा रस भरला आणि प्रत्येक पिंपात एकेक पुडा टाकला. दुपारपर्यंत फेस काठावर आला. इतका भराभर आला की माझीच मला लाज वाटली.

पुडे बंबात जाळले. छकूला काय कळणार? यीस्ट ते यीस्ट. असं स्वतःशी दहा वेळा म्हटलं. दहा वेळा म्हणावं लागलं यातच सगळं आलं.

१८ नोव्हेंबर

आबा डॉक्टरांना न जुमानता शेडमध्ये आले. चुन्याच्या भिंतीसमोर उभे राहिले, मग पिंपावर वाकले. वास घेतला. दुसऱ्या पिंपावर वाकले. सगळी सहा झाली. मग माझ्याकडे वळले.

"हात बघू."

मी हात पुढे केले.

"तेल लाव," म्हणाले आणि घरात गेले.

बस्स, एवढंच. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. बिचाऱ्यांचं नाक गेलेलं दिसतंय. एकाहत्तराव्या वर्षी असं व्हायचंच. संध्याकाळी माझ्या स्टुलावर तेलाची बाटली ठेवलेली होती.

२१ नोव्हेंबर

बाई आल्या आणि दारातच म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो!" माझी छाती फुगली. छकूने मात्र कपाळाला आठी घातली.

"दादा, चुना कधी दिलास?"

"दर वर्षी देतो." (देत नाही.)

"आणि पोळं कुठाय?"

मग तिने बाईंना समजावून सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. यीस्टला पाय नसतात. ऊस नसतो त्या महिन्यांत गांधीलमाश्या ते आपल्या पोटात सांभाळतात आणि गाळप सुरू झालं की रसावर आणून सोडतात. पोळं म्हणजे विरजणाची कोठी. मी खाली बघत राहिलो. पांढऱ्याशुभ्र फरशीवर माझे नवे बूट होते.

"मीच काढायला सांगितलं," आबा खुर्चीतून म्हणाले. "डोळा नुकता कापलाय. एखादी चावली असती म्हणजे?"

असं त्यांनी मला सांगितल्याचं आठवत नाही. ऑपरेशनच्या गडबडीत बोलून गेले असतील. काही का असेना, वेळ निभावली. छकूने सहा पिंपांतून सहा नळ्या भरून घेतल्या. जाताना आबांच्या पाया पडली. "आबा, तुमच्या शब्दामुळे सगळं जमलं," म्हणाली.

१९ डिसेंबर

छकूचा फोन. आवाज ओळखू आला नाही.

"दादा, पावाचं यीस्ट आहे. सहाच्या सहा पिंपांत एकच जात, पुड्यातली. बाकीच्या भट्ट्यांत कुठे आठ जाती, कुठे अकरा, लंबूकाकांकडे तर अशी एक सापडलीय जी कुणी बघितलेली नाही. आणि आपल्याकडे पाव! कुणी टाकलं?"

तोंडातून निघालं, "मला काय माहीत."

चार शब्दसुद्धा नाहीत. तीन. उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन ठेवून तिथेच जिन्यावर बसलो.

२२ डिसेंबर

मंडळाची बैठक. अकरा भट्टीवाले, छकू, लाकडी बाकं, चहा. छकूने निकाल वाचून दाखवला. आमच्या भट्टीचा सर्वांत शेवटी, हळू आवाजात.

मी उठायला हवं होतं. गुडघे तयार होते, मी नव्हतो.

आबा उठले. "मी टाकलं," म्हणाले. "वय झालं. फेस येईना, धीर सुटला. बेकरीतलं आणून टाकलं. तुम्हाला शब्द दिला होता, तो मोडला. अध्यक्षपद आजपासून दुसऱ्या कुणाला द्या."

लंबूकाका, आबांचे चाळीस वर्षांचे दोस्त, खाली बघत म्हणाले, "आणि आम्ही तुझ्या तोंडाकडे बघून पोरीला घरात घेतलं." मग काठी उचलून निघून गेले. छकू चहाला न शिवता गेली. आबांकडे बघितलंही नाही तिने. जाताना मला म्हणाली, "दादा, तू तरी मला सांगायचंस. तुला नक्की माहीत असणार." त्यावर मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

२३ डिसेंबर

रात्रभर विचार केला. आबा असे उठून खोटं बोलणारे नव्हेत. म्हणजे ते खरंच टाकत असले पाहिजेत! आधीपासून, अधूनमधून, मला न कळता. तरीच त्या दिवशी वास घेऊन काही बोलले नाहीत. स्वतःच करत असतील तर मला काय बोलणार?

लिहायला लाज वाटते, पण हलकं वाटलं. मी एकटाच नाही. उलट थोडा रागही आला त्यांचा. आयुष्यभर विरजण विरजण करत आम्हाला नाचवलं.

५ जानेवारी

आबांकडे कुणी फिरकत नाही. रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून ओसरीवर बसतात. लंबूकाकांचा पत्त्यांचा डाव आता दुसरीकडे बसतो. छकू मला फोन करते, आबांना द्या म्हणत नाही. आबा समोर बसून माझंच बोलणं ऐकतात आणि मी फोन ठेवला की विचारतात, "बरी आहे ना?"

या हंगामाची दारू आज चाखली. जाळ आहे, चव नाही. आमच्या दारूला शेवटी भाजलेल्या उसाचा एक वास येतो, जिभेच्या मागे. तो नाही. गिऱ्हाइकाने अजून काही म्हटलेलं नाही. म्हणेल.

१२ जानेवारी

छकू ही वही न्यायला आली. मी वही तिच्या हातात दिली, मागची पानं न फाडता. मुद्दाम. मनात म्हटलं, वाचेल, तिला कळेल, मला तोंड उघडावं लागणार नाही. भित्र्या माणसाचं डोकं असल्या वेळी फार चालतं. दोन तास मी सरपणाची मोळी उगाच सोडून बांधत होतो.

तिने पुढच्या पानांचे फोटो काढले आणि वही परत दिली. "मागे तुझं काहीतरी आहे. मी नाही वाचलं. कुणाचं खाजगी वाचू नये."

मग चुलीपाशी बसून म्हणाली, "एक विचित्रच झालंय. आठ वर्षांपूर्वी मी कॉलेजात असताना आपल्या पिंपातला गाळ स्पिरिटमध्ये घालून नेला होता. बाटली सापडली. त्यातले जीव कधीच मेले, पण कोण कोण होते ते अजून वाचता येतं. नऊ जाती आहेत, दादा. नऊ! आणि पावाचं यीस्ट नावालाही नाही. म्हणजे आबांनी पूर्वी कधी टाकलं नव्हतं. यंदाच काय झालं? आणि फेस येईना असं पणजोबांपासून कधी झालं नव्हतं, ते यंदाच का?"

माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दूध उतू जातंय बघ." दूध चुलीवर नव्हतंच.

१३ जानेवारी

सांगितलं.

सकाळी ओसरीवर, आबा दाढी करत असताना. छकू बॅग भरत होती, तिला बाहेर बोलावलं. हीसुद्धा आली. सगळं सांगितलं: सोडा, वल्हं, पोळं, बेकरीवाला, फोनवरचे तीन शब्द. बोलताना कानशिलं तापली होती. शाळेत पोरं ओरडायची तेव्हा तापायची, तशी.

छकू म्हणाली, "वल्हं? वल्हं सोड्यात घातलंस? दादा, अरे तो सगळा वंश होता रे." आणि रडायला लागली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मग उठून आबांच्या गुडघ्यांपाशी बसली आणि त्यांचा हात धरून ठेवला. आबांच्या एका गालाला साबण तसाच.

मी आबांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"नाक आहे मला," आबा म्हणाले. "शेडमध्ये पाव भाजल्यासारखा वास मारत होता. आणि तुझे हात बघितले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून वेळ दिला. तू जरा जास्तच घेतलास."

"आणि बैठकीत?"

त्यांनी वस्तरा पुसला. "तू लहानपणी हात घासत बसायचास ना, मोरीत, रक्त येईपर्यंत. मी दाराआडून बघायचो. काय बोलावं कळायचं नाही, म्हणून निघून जायचो. माझ्याच भट्टीचा वास होता तो. मला वाटलं, या वेळी तरी मध्ये पडावं."

त्यांचं नाक गेलं असं मी लिहिलं होतं. ते टाकत असतील असंही लिहिलं होतं. तेवीस तारखेचं पान आत्ता पुन्हा वाचलं. खोडणार नाही.

१४ जानेवारी

दहा दारं. आबा जसे एकेकाकडे गेले होते तसा मीही गेलो, पायी. प्रत्येक दारात तेच सांगितलं. कुणी पाणी विचारलं, दोघांनी नाही विचारलं. एकाने अर्ध्यातच दार लावून घेतलं. लंबूकाका ऐकून म्हणाले, "म्हणजे तो तुझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी त्याला चार लोकांत बोल लावला." पत्त्यांचा जोड खिशात घातला आणि माझी वाट न बघता आमच्या घराकडे चालू लागले. मी मागून.

१५ जानेवारी

छकूने रजा वाढवली. सकाळपासून शेडमध्ये हातात भिंग. "न धुतलेलं काहीतरी राहिलं असेलच. आठव."

"काही नाही. मी फार नीट काम केलंय," मी म्हटलं. हे वाक्य बोलताना स्वतःचा किती तिरस्कार वाटला म्हणून सांगू.

आबा दारातून म्हणाले, "तुझा कोट कुठाय रे?"

मी निळ्या कोटाकडे बघितलं.

"तो नव्हे. तुझा."

पोतं माळ्यावरून खाली काढलं तेव्हा शेडभर आमचा वास सुटला, तो जुना. छकूने बाहीला नाक लावलं आणि डोळे मिटले. ज्या वासाची मला उभा जन्म लाज वाटली तो हुंगत माझी शिकलेली बहीण दोन मिनिटं उभी होती. बाह्या कापल्या. एक तिने पिशवीत बंद करून नेली, एक आबांनी पहिल्या पिंपातल्या नव्या रसात बुडवली. हिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं जाळायचं ऐकलं नाहीत. पण यापुढे हेच कारण सांगून कपडे धुवायला न टाकणं चालणार नाही."

१८ जानेवारी

पहिल्या पिंपात आज सकाळी फेस. काठापर्यंत नाही, मधोमध, तळहाताएवढा. आबा स्टूल घेऊन बसून राहिले. दुपारी पहिल्यातलं वल्हं दुसऱ्यात बुडवलं.

२० फेब्रुवारी

छकू निकाल घेऊन आली. पिंपांतलं सगळं नव्याने तपासलंय. जुन्या नऊ जातींपैकी सहा परत आल्या. तीन नाहीत. बाहीत नव्हत्या, लाकडात नव्हत्या, कुठेच नाहीत. त्या मी मारल्या. छकूने हे मऊ करून सांगायचा प्रयत्न केला, पण मऊ करण्यासारखं त्यात काही नाही.

"आणि पावाचं?" आबांनी विचारलं.

"तेही आहे. पिंपांच्या लाकडात मुरलंय आता. सहाही पिंपांत, थोडं थोडं. ते काढायचं तर परत सोडा लागेल." हे ऐकून कुणी हसलं नाही. मग आबाच हसले.

मंडळाकडे द्यायचा कागद माझ्या हाताने भरायचा होता. तुळईवर दोन गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या, कुठून आल्या कोण जाणे. आबा पेला धरून उभे होते. नव्या सडव्याची पहिली धार त्यांनी चाखली होती आणि अजून काही म्हणाले नव्हते.

भट्टीतल्या यीस्टच्या जाती, या रकान्यापुढे मी लिहिलं, सहा.

आबा खांद्यावरून वाकून बघत होते. "सात आहेत," म्हणाले.

"आबा, सातवं ते माझं..."

"माहीत आहे कुणाचं ते. इथंच राहायचंय ना त्याला? सात लिही."

मी सहा खोडून सात लिहिलं. या वहीतही, पुढच्या बाजूला, छकूच्या रकान्यांखाली.